द्वारकाबाईची जोडीदारीण

जाफराबादच्या स्टँडवर, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, कुठंही गावाचं नाव सांगितलं की शेजारची बाई विचारते, "मंजी द्वारकाबाईच्या गावच्या का तुमी?" मी हो म्हणते. मग ती बाई माझ्याकडं बघायचं सोडून माझ्या मागं बघते, द्वारकाबाई पाठीमागून येतच असेल अशी. तिला जाऊन दोन पावसाळे झाले, तरी लोक तसंच बघतात. तुमचं नाव काय, असं मला कुणी विचारत नाही.

माझं नाव कमल. शाळा चौथीपर्यंत झाली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासून फुटत नाही. एकटी असले की डोक्यात मात्र पुष्कळ बोलणं चालतं. त्यातलं थोडं लिहावं म्हणून बसले तर पहिलं नाव तिचंच आलं. त्याचाही राग आला. पण आलं ते आलं.

बौद्धवाड्यात आमची घरं समोरासमोर. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला दोन लेकरं होती. अंगानं किडकिडीत, रंगानं काळी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. दिसायला मी तिच्यापेक्षा उजवी होते, हे मी नाही, गल्लीतल्या बायकाच म्हणायच्या. पण ती बोलायला लागली की तो तुटका दातच चांगला दिसायचा. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं.

रोजगार हमीच्या कामावर जाताना आम्ही बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालायचो. ऊन लागत नाही, काटे ओरबाडत नाहीत. आमच्या अंगावर तो नवऱ्याचा दिसायचा, तिच्या अंगावर तिचाच. खिशात चुन्याची डबी, तंबाखू आणि एक कांदा. कांदा कशाला, तर जेवताना कुणाच्या भाकरीबरोबर काही नसलं तर बुक्कीनं फोडून द्यायला. "जेवलीस का?" असं तर सगळेच विचारतात. ती विचारून थांबायची नाही, समोरचीचं भाकरीचं फडकं सोडून आत बघायची. माझं फडकं तिनं सोडलं की मला लाज वाटायची, आणि तिनं दुसरीचं सोडलं की वाईट वाटायचं.

तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. कुणी काही शहाणपणाचं सांगितलं की मान हलवून म्हणायची, "बराबर हाये. पन कोणाला?"

मुकादम म्हणाला, काम पहाटेच सुरू करू, गारवा असतो. "बराबर हाये. पन कोणाला? तुमाला का लेकराला पाजून येणारीला?" तिचा नवरा म्हणाला, आज मटण करावं. "बराबर हाये. पन कोणाला? खाणाराला का पाट्यावर वाटणारीला?" नवरा बिचारा उठून पाट्यावर वाटायला बसला, हे मी माझ्या ओसरीवरून बघितलेलं आहे. त्या दिवशी मी माझ्या नवऱ्याला तसंच म्हणून बघितलं. तो म्हणाला, "काय झालं गं? ताप आलाय का?"

हमीच्या कामावर जोडी असते. एकीनं कुदळीनं खोदायचं, दुसरीनं टोपली भरून माती बांधावर टाकायची. जोडी जमली नाही तर एकीचे हात भरून येतात आणि दुसरी रिकामी उभी राहते. द्वारकाबाई खोदायची, मी भरायचे. तिचा श्वास कधी लागणार, ती तंबाखूला कधी थांबणार, हे मला तिच्या पाठीवरून कळायचं. बोलावं लागायचं नाही. ज्या बाईला बोलता येत नाही तिला असली जोडी म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. माझा नवरा तेव्हा जालन्याला सळईच्या कारखान्यात होता, रविवारचा यायचा. आठवडाभर माझं माणूस म्हणजे द्वारकाबाईच. लोक म्हणायचे, "द्वारकाबाई आन् तिची जोडीदारीण." तेव्हाही माझं नाव कुणी घेत नव्हतं, पण ते मला चालायचं.

एका उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवरच्या गायरानात काम निघालं. साहेबांनी चावडीपुढं सभा घेऊन सांगितलं, टेकडी उघडी पडली म्हणून पाऊस हटला, हवा तापली. आता सगळी टेकडी झाडांनी भरायची. त्याच्या आधी टेकडीभोवती खोल चर खोदायचा, म्हणजे शेळ्या आत शिरणार नाहीत. काम मोठं होतं. सगळ्या उन्हाळ्याची चूल त्या चरावर पेटणार होती. लोक खूश झाले. मीही झाले.

टेकडीच्या उतारावर भिल्लांची वस्ती होती. आठ-दहा झोपड्या. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीच्याही आधीपासून ते लोक तिथं होते. डिंक, मध, मोळ्या घेऊन गावात यायचे, पूर्णेला पाणी असलं की मासे आणायचे. जागेचा कागद कुणाच्याच नावावर नव्हता. चुन्याची फक्की टाकून चराची रेघ मारली, ती बरोबर त्यांच्या झोपड्यांच्या आणि गावाकडं उतरणाऱ्या वाटेच्या मधून गेली. त्यांचा पाण्याचा झराही अलीकडं, गावाच्या अंगाला राहिला. म्हणजे चर झाला की त्यांना उठा म्हणायचीही गरज नव्हती. पाण्यावाचून आपोआप उठले असते.

आम्ही खोदत खोदत त्या रेघेपाशी आलो, तेव्हा झोपडीपुढं एक भिल्लीण उभी होती. जमना तिचं नाव. काखेत घागर. नुसती त्या पांढऱ्या रेघेकडं बघत राहिली. द्वारकाबाईनं कुदळ खाली ठेवली.

"काय झालं?" मुकादम ओरडला.

"हितून पुढं न्हाई खंदत."

आमचेच बापई गडी चिडले. एकजण म्हणाला, "भिल्लांचं बघायला सरकार हाये. आपलं पोट बघ की, बाई."

"बराबर हाये," ती म्हणाली, "मजुरी पायजे. झाडं बी पायजेत. आन् जमनी बी पायजे. मी तिन्ही मागून राह्यले, यातलं कोणतं फेकू त्ये तू सांग."

द्वारकाबाईच्या सासऱ्यानं तरुणपणी त्याच गायरानाचा एक तुकडा कसला होता. मोठ्या आळीच्या जमीनवाल्यांनी पीक उपटून त्याला मारलं होतं. ते ती कधी बोलून दाखवायची नाही. त्या दिवशीही बोलली नाही. पण मला ते ठाऊक होतं.

संध्याकाळी साहेब जीपमधून आले. ते वाईट माणूस नव्हते, घाईत होते. म्हणाले, "बाई, झाडं लावली तर सगळ्यांचंच भलं आहे. पुढच्या पिढ्यांचं भलं आहे."

"बराबर हाये साहेब. पन कोणाच्या पिढ्या? हिची लेकरं त्याच्यात धरली का न्हाई?" तिनं जमनाच्या कमरेवरच्या पोराला पुढं केलं. साहेब हसले. म्हणाले, नकाशा वरून आलाय, माझ्या हातात नाही, काम बंद राहिलं तर टोळीच रद्द होईल. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कुणी कुदळ उचलेना आणि कुणी घरीही जाईना. सगळे लिंबाखाली बसले. काम गेलं तर मला नवऱ्यामागं जालन्याला जावं लागलं असतं. मग कुठली जोडी आणि कुठलं काय. भाकरी खाता खाता माझी नजर चराजवळच्या खड्ड्यांवर गेली. खड्डा खोदताना मधोमध मातीचा एक खांब तसाच उभा ठेवतात. त्याला आम्ही साक्ष म्हणायचो. ओव्हरसियर त्याच्यावरून खोली मोजतो. मोजल्यावरही ती साक्ष पाडायची नाही, मोठा साहेब येऊन तपासून जाईपर्यंत, असा नियम. आणि मोठा साहेब बहुतेक वेळा येतच नसे. साक्षी उभ्याच्या उभ्या राहायच्या, शेवटी पावसानंच विरघळायच्या.

मी द्वारकाबाईच्या कानापाशी जाऊन एवढंच म्हणाले, "साक्षीला कोणी हात लावत न्हाई ना गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. घास तिच्या तोंडातच राहिला. मग उठून उभी राहिली आणि जो आवाज लावला तो खालच्या गावात ऐकू गेला असेल. "उठा रे! चर खंदा. दोन्ही अंगांनी खंदा. वाटंवर साक्ष ठेवा, बैलगाडी जाईल येवढी!"

एका क्षणात सगळी माणसं हसली आणि उठली. माझं कुजबुजणं कुणी ऐकलं नव्हतं. तिची आरोळी सगळ्यांनी ऐकली. आजही ती गोष्ट गावात "द्वारकाबाईची साक्ष" म्हणूनच सांगतात.

मी उठून टोपली घेऊन तिच्यामागं गेले. तर ती जमनाला म्हणत होती, "ये, माझ्या जोडीला ये. तुझ्या दाराची माती तुझ्याच हातानं भर." जमनानं माझ्या हातातली टोपली घेतली. ओढून नाही, मीच दिली. द्वारकाबाई मला म्हणाली, "कमळे, तू गंगूबाईसंगं लाग. गंगूबाईला बी माणूस न्हाई." गंगूबाई चार घाव घालून कमरेवर हात ठेवणारी. त्या दिवशी मी भरलेल्या टोपल्यांपेक्षा त्या दोघींकडं बघितलेलंच जास्त झालं. जमनाच्या दंडात जोर होता. तिला दोन दिवसांत तो ताल आला. मला वाटलं होतं, तिला जमणार नाही.

ओव्हरसियर तरुण होता. टेप लावून त्यानं ती साक्ष बघितली, तिच्यावरून आडवा चालत गेला. "बाई, साक्ष जरा रुंदच झाली."

"मोठ्या कामाला मोठी साक्ष लागती, भाऊ."

"आणि पाडायची कधी?"

"मोठे साहेब तपासून गेले की लगीच."

त्याला सगळं कळलं होतं. त्यानं खाली मान घालून माप लिहिलं आणि चहा मागितला. मोठे साहेब काही आले नाहीत. अजून यायचेत.

त्या साक्षीवरून भिल्ल खाली उतरत राहिले, झऱ्यावर जात राहिले. पावसाळ्यात रोपं आली, ती बहुतेक निलगिरीची. द्वारकाबाईनं एक पान चुरगाळून शेळीपुढं धरलं, शेळीनं तोंड फिरवलं. झालं, गल्लीतल्या बायका घेऊन ती रोपवाटिकेवर जाऊन बसली, सीताफळ, बोर, चिंच, लिंब द्या म्हणून. निम्मी मिळाली. रोपांना पाणी घालायचं आणि राखण करायची मजुरी भिल्लांच्या बायकांना मिळाली, आणि झाडं न तोडता खालचं गवत कापायची मुभाही. सगळं गोड झालं असं नाही. गावातल्या शेळीवाल्यांशी भांडणं झाली, एका उन्हाळ्यात कितीतरी रोपं जळाली. पण वस्तीच्या बाजूची झाडं जगली. पलीकडच्या अंगाला, जिथं कुणी राहत नव्हतं, तिथं नुसता चर राहिला.

आणि जोडी पुन्हा माझ्याकडं आली नाही. तलावाच्या कामावर, रस्त्याच्या खडीवर, द्वारकाबाई आणि जमना. मी सांगायला जायला पाहिजे होतं का, की मला परत घे? असलं कुणी सांगतं का?

पुढं काही वर्षांनी शहरातल्या संस्थेचे लोक जीप घेऊन यायला लागले. हवामान बदलतंय, ऋतू पुढंमागं होतायत, हे आम्हाला समजावून सांगायचे. आमच्या विहिरींनी ते आधीच सांगितलं होतं. द्वारकाबाईला ते सभांना न्यायचे. एकदा जुन्या जालन्यात एका मंगल कार्यालयात मोठी सभा झाली, तिला मीही गेले. नवराही कारखान्यातून सुट्टी काढून आला. माझ्यासाठी नव्हे, तिचं भाषण ऐकायला.

ती सदरा घालूनच स्टेजवर गेली. म्हणाली, "हवा बिघडली म्हणता, बराबर हाये. आमी उन्हातच असतो, आमाला पयलं कळलं. पन ती हवा दुरुस्त करायची म्हणलं की पयली झोपडी आमचीच कामून उठवता?"

टाळ्या थांबेनात. मग एक कॉलेजातला मुलगा उभा राहून म्हणाला, जालन्यातले धुराचे कारखाने आधी बंद करा. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. द्वारकाबाई त्याच्याकडं वळली. "बराबर हाये. धूर वाईटच. पन कोणाला बंद करता? त्यो बघा, खाली माझ्या कमळीचा नवरा बसलाय. भट्टीपुढं उभं राहून त्याच्या हाताची कातडी गेली. त्याच्या छातीत धूर तुमच्याहून जास्त हाये. कारखाना सुधारा, न्हाई तर बंद करा, पन त्यानं उद्या काय करायचं त्ये आधी सांगा, आन् त्यालाच विचारून सांगा."

माझा नवरा खाली मान घालून बसला होता. डोळे पुसत होता. त्याच्या हातांना मी किती वर्षं खोबरेल लावलं, तेव्हा कधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पुढं महिनाभर घरात "द्वारकाबाई म्हणली" हेच चालू. शेवटी मी म्हटलं, मग तिच्याकडंच जा जेवायला. तो खरंच गेला, आणि जेवूनही आला.

त्याच सभेत कुणीतरी साक्षीची गोष्ट विचारली. द्वारकाबाई म्हणाली, "त्ये माझं डोकं न्हाई. त्ये आमच्या कमळीचं. कमळे, ऊठ, तूच सांग." सगळी सभा माझ्याकडं वळली. इतकी वर्षं मला वाटायचं, हिनं एकदा तरी चारचौघांत सांगावं. आणि सांगितलं तेव्हा मला उठता आलं नाही. पदर तोंडावर घेऊन मी नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही. तेव्हा माझ्या शेजारी बसलेली जमना उभी राहिली. तीही पहिल्यांदाच बोलत होती. तिच्या बोलीत, अडखळत, घागर, पांढरी रेघ, साक्ष, सगळं तिनं सांगितलं. शेवटी म्हणाली, "माती मीच भरली." सगळ्या सभेनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. जमनाचं काही चुकलं नाही. माती तिनंच भरली होती, माझ्या टोपलीनं.

येताना एसटीत द्वारकाबाई मला म्हणाली, "उठायचं ना गं येडे." चूक तिची असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला लांबलांबून माणसं आली. भाषणं झाली. जमना सगळ्यांत पुढं बसून मोठ्यानं रडत होती आणि बायका तिची पाठ थोपटत होत्या. मी मागं चहा गाळत होते. माझी पाठ थोपटायचं कुणाला सुचेल?

पण त्याच्या आधीचा एक दिवस माझ्याकडं आहे. तो कुणाला दिलेला नाही.

सीताफळं डोळे उघडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. मी सरपणाला टेकडीवर गेले होते. द्वारकाबाई तेव्हा खोकल्यानं खंगली होती, तरी गवताला यायचीच. बघितलं तर झाडाखाली गवताचा भारा बांधून एकटीच बसलेली. भारा मोठा असला की एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. ती कुणाची तरी वाट बघत होती. मला बघून म्हणाली, "बराबर टायमावर आली. हात लाव गं, कमळे."

"जमना कुठं गेली?" मी विचारलं.

"लेकीकडं भोकरदनला गेल्ती, आली न्हाई अजून."

"जमना न्हाई, म्हणून मी का?"

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला कळलं नाही. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली. "येवढ्या वर्षांनी तोंड फुटलं, आन् त्ये बी भांडायला!" थोडा वेळ खोकली. मग हळू म्हणाली, "तुझ्यासंगं कोणी बी लागलं असतं, कमळे. त्या टायमाला जमनीसंगं कोण लागलं असतं, सांग बरं? तिला जोडी केली म्हणून ती टोळीत आली. टोळीत आली म्हणून वस्ती टिकली. मी केलं त्ये बराबर न्हाई का?"

"बराबर हाये," मी म्हणाले. "पन कोणाला?"

ती अशी हसली की तिला झाडाचा आधार घ्यावा लागला. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली, तुटका दात दिसला. मग पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि भाऱ्यापुढं वाकली. मीही वाकले. बोलावं लागलं नाही. तिचा श्वास भरला ते मला कळलं आणि दोघींनी एकदमच उचललं.

मग ती चालायला लागली. चराच्या दोन्ही बाजूंना गवत माजलं होतं, मधून ती साक्ष, तिच्यावर पायवाट पडून पडून माती दगडासारखी झालेली. तिच्यावरून ती पलीकडं गेली. खाली उतरताना आधी पाय दिसेनासे झाले, मग सदरा, मग नुसता भारा हलत राहिला.

तो शेवटचा. त्यानंतर ती अंथरुणावरून उठली नाही, आणि मी तिला तशी बघायला फारशी गेले नाही, तिथं जमना असायची. पण तिच्या डोक्यावर जो शेवटचा भारा चढला, त्याला हात मी लावला होता. जमनानं नाही.